गर्दीत उजळणारे रेणू

महाद्वार रोडवरच्या दुकानांत गल्ल्याशेजारी नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो. तसला एक घरी आणला. एका वाटीत शेंगतेल, दुसरीत पाणी, दोन्हींत चिमूटभर हळद. खोलीत अंधार करून दिवा मारला, तर तेल हिरवट-पिवळं झळकलं आणि पाणी ढिम्म. हळदीतला चमकणारा पदार्थ म्हणजे कर्क्युमिन, आणि ते पाण्यात धड विरघळत नाही. मग पाण्यात शाम्पूचे चार थेंब ढवळले आणि तीही वाटी उजळली.

शाम्पूच्या रेणूचं डोकं पाण्याला धार्जिणं, शेपूट तेलाला. पाण्यात हे रेणू शेपट्या आत लपवून काही नॅनोमीटरचे गोळे करतात आणि कर्क्युमिन त्यांच्या पोटात जाऊन बसतं. गोळे कुणी वळत नाही, आपोआप वळले जातात. औषधं पोचवणारे अनेक नॅनोकण याच युक्तीवर बनतात. 1995 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डॉक्सिलमध्ये डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध चरबीच्या, अशाच आपोआप वळलेल्या पुटकुळ्यांत भरलेलं असतं. हे औषध स्वतःच नारिंगी-लाल चमकतं, त्यामुळे पेशीत ते कुठवर पोचलं ते सूक्ष्मदर्शकातून दिसतं.

अडचण वेगळीच होती. चमकणारे बहुतेक रंग दाटीवाटीत विझतात, आणि नॅनोकणात तर दाटीच असते. 2001 साली हाँगकाँगमध्ये बेन झोंग टांग यांच्या गटाला उलट वागणारे रेणू सापडले: सुटे असताना मंद, एकत्र आले की लख्ख. कारण ऐकून मला लेझीम आठवली. मोकळं रिंगण मिळालं की गडी सगळी ताकद नाचण्यात घालवतो. विसर्जनाच्या रात्री त्यालाच खेटाखेटीत उभा करा. हात हलत नाहीत, मग ताकद आरोळीतून बाहेर पडते. या रेणूंवरची अणूंची कडी एरवी गरगर फिरून दिव्याकडून मिळालेली ऊर्जा संपवतात. फिरणं अडलं की ती ऊर्जा प्रकाश होऊन निघते.

आता या रेणूला पाण्यात विरघळवणारं फॉस्फेटचं शेपूट लावलं, तर तो सुटा आणि अंधारा राहतो. काही कर्करोगी पेशींवर अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) जास्त असतं. ते शेपूट छाटतं, रेणू तिथेच गोळा होतात आणि नेमकी तीच पेशी उजळते. काही रेणू तर प्रकाश पडला की जहाल ऑक्सिजन तयार करून त्या पेशीला मारतात. म्हणजे दाखवणारा आणि मारणारा एकच.

हे बहुतेक काम अजून काचेच्या तबकड्यांत आणि उंदरांवर चाललं आहे. एक अडचण घरबसल्या पाहता येते. मोबाइलची टॉर्च बोटाला चिकटवून धरा: वरून लालच उजेड येतो, बाकीचे रंग रक्त-मांस गिळून टाकतं. म्हणून लाल आणि त्यापलीकडच्या अवरक्त उजेडात काम करणारे रेणू घडवायची खटपट चालू आहे. माझा जांभळा दिवा तिथे कुचकामी.