वीस वर्षांचं सोंग: असेंबल्ड पीसीवरच्या मॅकची पार्श्वभूमी

गोव्यात फोंड्याला माझ्या ओळखीच्या एका ध्वनिमुद्रकाच्या खोलीत टेबलाखाली एक काळा कॅबिनेट आहे. मदरबोर्ड म्हापशाचा, ग्राफिक्स कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रात्रीच्या बसने आलेलं, पंखा तिसऱ्याच कुठल्या मशीनचा. डाव्या कोपऱ्यातलं सफरचंद दाबून 'अबाउट धिस मॅक' उघडलं की हाच कॅबिनेट स्वतःला २०१९ चा आयमॅक म्हणवतो. त्यावर भजनं आणि नाट्यपदं रेकॉर्ड होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलच्या मॅक संगणकांची नवी सिस्टिम, मॅकओएस टाहो, आली आणि ती ज्यांवर चालते त्या मशीनांच्या यादीत २०१९ चा आयमॅक नव्हता. खरा नव्हता, मग खोटा कुठून असणार!

ॲपलची मॅक सिस्टिम अशी साध्या जोडलेल्या पीसीवर चालवायच्या या प्रकाराला हॅकिन्टॉश म्हणतात. हा पोरांचा खोडसाळपणा म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाही, कारण दुसऱ्याच्या यंत्रावर मॅक चालवायची कल्पना मुळात ॲपलचीच. १९९२ मध्ये नोव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतीने त्यांनी 'स्टार ट्रेक' नावाच्या गुप्त प्रकल्पात आपली सिस्टिम ७ इंटेलच्या ४८६ प्रोसेसरवर चालवून पाहिली होती. प्रकल्प पुढच्या वर्षी गुंडाळला. १९९५ पासून त्यांनी पॉवर कम्प्युटिंगसारख्या कंपन्यांना रीतसर परवाने देऊन मॅकच्या नकला बनवू दिल्या. १९९७ मध्ये ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्स कंपनीत परतले आणि ते दुकान बंद झालं. मात्र जॉब्स येताना नेक्स्ट या आपल्या मधल्या काळातल्या कंपनीची प्रणाली बरोबर घेऊन आले होते. ती १९९३ पासूनच इंटेलवर चालत होती, आणि आजची मॅकओएस तिच्याच पोटची.

६ जून २००५ ला जॉब्सनी जाहीर केलं की मॅक आता इंटेलच्या प्रोसेसरवर जाणार. मॅक ओएस एक्सची प्रत्येक आवृत्ती गेली पाच वर्षं आतल्या आत इंटेलसाठीही तयार होत होती, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगून टाकलं. डेव्हलपर मंडळींना ९९९ डॉलरमध्ये चाचणीचं मशीन मिळालं: बाहेरून पॉवरमॅक, आत साधा पेंटियम ४, आणि मुदत संपली की परत करायची अट. मशीनं परत गेली, पण सिस्टिम तोवर फुटली होती. त्याच वर्षी ती साध्या पीसीवर चालताना लोकांनी पाहिली.

जानेवारी २००६ मध्ये विक्रीचे इंटेल मॅक आले, आणि त्यांच्याबरोबर एक मजेशीर कुलूप. फाइंडर (फाइलींची खिडकी), डॉक (खालची चिन्हांची पट्टी) असे सिस्टिमचे नेहमीचे भाग कूटबद्ध करून ठेवलेले. ते उलगडायचं काम ज्या छोट्या फाइलकडे होतं तिचं नावच 'डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स'. आणि किल्ली कुठे? मॅकमधले पंखे, तापमान सांभाळणाऱ्या एसएमसी नावाच्या चिपमध्ये. ही किल्ली म्हणजे ६४ अक्षरांचं एक इंग्रजी वाक्य होतं. मराठीत सांगायचं तर, 'आमच्या कष्टांची राखण या शब्दांनी केली आहे, कृपा करून चोरू नका, स्वामित्वहक्क ॲपल कम्प्युटर'. इतकी अजिजीने केलेली तटबंदी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. वाक्य फार काळ गुप्त राहिलं नाही. पुढे फेकएसएमसी नावाचा ड्रायव्हर आला. सिस्टिम विचारायची, 'चिप आहे का?', आणि हा तेच वाक्य तिला म्हणून दाखवायचा.

आमच्याकडे हे लोण २००७-०८ च्या सुमारास पोचलं. बीएसएनएलच्या तेव्हाच्या ब्रॉडबँड योजनेत रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोडची मोजणी नसायची. दोनचा गजर लावून उठायचं, टॉरेंट चालू करायचा आणि परत झोपायचं. साडेचार जीबीची डीव्हीडी उतरायला दोन-तीन रात्री, मध्ये लाइट गेली तर चार. जेएएस, कॅलीवे, आयॲटकॉस ही तेव्हाची नावं. कोणीतरी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, फिरवून, सापडतील ते ड्रायव्हर कोंबून बनवलेल्या या तबकड्या. आता मागे वळून बघताना वाटतं, ती शुद्ध खिचडी होती. आत काय घातलंय ते खाणाऱ्याला माहीत नाही आणि रांधणाऱ्यालाही नीट आठवत नाही. चोरीचा माल तो होताच, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

मशीन सुरू करताना हायफन व्ही टाकलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायच्या आणि एका ओळीवर सगळं थबकायचं: 'स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस'. म्हणजे सिस्टिम जागी झाली, पण तिला हार्ड डिस्क सापडेना. माझ्याकडे ही ओळ दोन रविवार ठाण मांडून बसली होती. शेवटी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, डिस्क जोडायचा साटा पोर्ट आयडीई या जुन्या पद्धतीवरून एएचसीआय या नव्या पद्धतीवर टाकला आणि निळा डेस्कटॉप आला. आवाज नव्हता, नेटवर्क नव्हतं, पण घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

खरं वळण आलं ते २००८ नंतर. सिस्टिमची मोडतोड करायचीच नाही, तिला हातही लावायचा नाही, तिच्या आधी सुरू होणाऱ्या बूटलोडरने सगळं नाटक वठवायचं, ही ती युक्ती. बूट-१३२, मग कॅमेलियन, नंतर क्लोव्हर आणि २०१९ पासून ओपनकोअर, अशी ही वंशावळ. दशावतारात रंग चढवून राजा पटावर येतो, खालच्या प्रेक्षकांत कोणी बदल करत नाही, तसंच हे. बोर्डाचं नाव, सिरियल नंबर, एसएमसी सगळं बूटलोडर सांगणार आणि सिस्टिम विश्वास ठेवणार. मॅक ओएसची २००९ ची आवृत्ती, स्नो लेपर्ड, अमेरिकेत २९ डॉलरला डीव्हीडीवर मिळायची, त्यामुळे निदान विकत घेतलेली प्रत वापरायची सोय झाली. वापराच्या करारात 'फक्त ॲपलच्याच संगणकावर' हे कलम होतंच, आजही आहे.

त्या कलमाची परीक्षा सायस्टार नावाच्या फ्लोरिडातल्या कंपनीने घेतली. एप्रिल २००८ पासून ती मॅक ओएस घातलेले पीसी उघड विकू लागली, जुलैत ॲपलने खटला भरला आणि २००९ संपायच्या आत विक्रीवर कायमची बंदी आली. घरी बसून एकेक मशीन जोडणाऱ्यांच्या मागे मात्र ॲपल तशी लागली नाही.

गोव्यात हा उद्योग टिकला तो पैशांमुळे, दुसरं काय. ॲपलची स्वतःची दुकानं भारतात एप्रिल २०२३ मध्ये उघडली, तीही मुंबई आणि दिल्लीत. इथे लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला फायनल कट हवा आणि गाणी करणाऱ्याला लॉजिक, ही दोन्ही सॉफ्टवेअरं ॲपलची, मॅकवर चालणारी, पण ॲपलचा महागडा मॅक प्रो परवडणार कोणाला? असेंबल्ड मशीनचा आणखी एक फायदा आमच्या हवेला धार्जिणा. पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो आणि मशीन नुसतं शिट्ट्या मारत बसतं. रॅम काढायची, शाळेच्या खोडरबरने पट्ट्या घासायच्या, परत बसवायची. नव्या मॅकमध्ये रॅम काढायचीच सोय नाही.

उतरण तशी आधीच लागली होती. २०१८ च्या मॅकओएस मोजावेपासून एनव्हिडियाची नवी ग्राफिक्स कार्डं निरुपयोगी झाली आणि सगळे एएमडीच्या आरएक्स ५८० कार्डाकडे वळले. जून २०२० मध्ये ॲपलने स्वतःचे प्रोसेसर जाहीर केले, नोव्हेंबरात एम१ आला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, अशी म्हण आहे; त्यात आता प्रोसेसरचीही भर घालावी. बूटलोडर नाव बदलेल, नंबर बदलेल, पण एआरएमसाठी, म्हणजे ॲपलच्या नव्या प्रोसेसरच्या भाषेत, लिहिलेल्या सूचना इंटेलच्या चिपला कशा वाचून दाखवणार? जून २०२५ मध्ये ॲपलने सांगून टाकलं की इंटेलसाठी टाहो ही शेवटची.

फोंड्याच्या कॅबिनेटला यादीतल्या २०२० च्या आयमॅकचं नाव दिलं तर टाहोही चढेल, एका ओळीचा बदल आहे. मी तसं म्हणालो, तर आमचे ध्वनिमुद्रक हार्मोनियमवाल्याला खूण करत म्हणाले, "भाऊ, हे पद संपूं दे, मग बघूया." सेटिंग्जच्या चिन्हावर अपडेटचा लाल ठिपका आहे. त्यावर त्यांनी मिक्सरची खिडकी ओढून ठेवली आहे.