स्लॅबचा तुकडा मधून गुलाबी निघाला

साताऱ्यात शाहूपुरीत आमच्या शेजारचं घर गेल्या महिन्यात पाडलं. 1984 चं बांधकाम, सळया गंजून फुगलेल्या, प्लॅस्टरचे पोपडे पडायचे, गवंडी म्हणाला आता डागडुजीत पैसे घालू नका. दोन दिवस ब्रेकर चालला आणि मग डंपर भरभरून राडारोडा कुठल्यातरी खड्ड्यात भरावाला गेला. मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे स्लॅबचा एक तुकडा उचलून लॅबमध्ये नेला, फोडला आणि ताज्या तुटलेल्या बाजूवर फिनॉल्फथॅलीन शिंपडलं, आपलं टायट्रेशनचं तेच, चुन्यासारख्या अल्कलीत गुलाबी होणारं. कडेचा साधारण इंचभर भाग होता तसाच राहिला आणि मधला सगळा भडक गुलाबी झाला.

गुलाबी म्हणजे आत चुना अजून शिल्लक आहे. चाळीस वर्षं झाली तरी!

हा चुना आला कुठून? सिमेंट करताना चुनखडीचा दगड भट्टीत भाजतात, भट्टीत 1450 अंशांपर्यंत तापमान जातं. शुद्ध चुनखडी 100 किलो घेतली तर 44 किलो कार्बन डायऑक्साइड म्हणजे सीओटू उडून जातो आणि 56 किलो चुना मागे राहतो. कोळसा जाळून निघणारा धूर वेगळाच. माणूस हवेत सोडतो त्या एकूण सीओटूपैकी 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटचा आहे आणि त्यातला अर्ध्याहून जास्त या दगडातूनच सुटलेला असतो, म्हणजे उद्या भट्ट्या सोलरवर चालवल्या तरी तो थांबणार नाही.

पण चुना हा वायू परत घेतो. शाळेत नळीने चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ व्हायची, ते हेच. किल्ल्यांवर चुन्याची घाणी बघितली असेल, तिथे मळलेला चुना दगडांच्या सांध्यात भरला की वर्षानुवर्षं हवेतला सीओटू पिऊन परत दगड व्हायचा. काँक्रीटही हळूहळू तेच करतं. 2016 साली आलेल्या एका अभ्यासाचा हिशोब असा की 1930 ते 2013 या काळात सिमेंट करताना चुनखडीतून जेवढा सीओटू निघाला त्यातला सुमारे 43 टक्के जगभरच्या सिमेंटने परत शोषून घेतला. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला खरा वाटेना.

उभ्या इमारतीत मात्र हे व्हायला नको असतं, कारण चुना संपला की काँक्रीटचा अल्कलीपणा जातो आणि सळईला गंज धरतो. शेजारच्यांच्या स्लॅबचं कडेकडेला तेच झालं. घर पाडल्यावर मात्र गणित उलटं होतं, सळई तर भंगारात गेली, आता उरलेला चुना जेवढा वायू ओढेल तेवढा चांगलाच. फक्त वायू आतपर्यंत पोचायला पाहिजे. मोठं डबर मातीखाली गाडलं की ते जवळपास बंदच पडतं. क्रशरला घालून त्याची बारीक खडी केली की आतला गुलाबी भाग उघडा होतो. थोडी ओल लागते पण चिंब नको, कारण पाण्यातून सीओटू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटीने हळू सरकतो. म्हणजे आपल्या पावसाळ्यात ढीग उघड्यावर ठेवून उपयोग नाही, शेड पाहिजे.

साध्या हवेत हा वायू जेमतेम 0.04 टक्के, त्यामुळे वेळ फार लागतो. स्वित्झर्लंडमधली न्यूस्टार्क नावाची कंपनी बायोगॅस प्लांटमधला सीओटू टाकीत कोंडून काँक्रीटच्या चुऱ्याला पाजते, टनामागे साधारण 10 किलो मुरतो, तोही काही तासांत. तयार झालेली चुनखडी खडीच्या बारीक छिद्रांत बसते, त्यामुळे खडी पाणी कमी पिते आणि घट्टही होते.

आता 10 किलो म्हणजे फार नाही, हे खरंय. 10 टनांचा डंपर धरला तर 100 किलो. एक लिटर डिझेल जळालं की 2.7 किलो सीओटू निघतो, म्हणजे 37 लिटर डिझेलमध्ये सगळी कमाई साफ. चारचं ॲव्हरेज धरलं तर साधारण 150 किलोमीटर. साताऱ्याहून पुण्याला राडारोडा न्यायचा आणि डंपर रिकामा परत आणायचा तर 220 होतात, म्हणजे तोटाच! हे काम जिथला राडारोडा तिथेच झालं पाहिजे.

आणि इथेच मला सातारा-सांगलीचं नशीब चांगलं वाटतं, कारण आपल्याकडे साखर कारखाने आहेत आणि त्यांच्या डिस्टिलऱ्या. मळी आंबवून इथेनॉल करताना लिटरमागे जवळपास पाऊण किलो सीओटू निघतो, तोही बऱ्यापैकी शुद्ध, चिमणीच्या धुरासारखा घाण नाही. काही ठिकाणी तो पकडून कोल्ड्रिंकसाठी विकतात पण बाटली उघडली की तो परत हवेत. शिवाय हा कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला, त्यामुळे तो खडीत कायमचा बसला तर हवेतून तेवढा खरोखर कमी होतो. रोज 30 हजार लिटरची डिस्टिलरी धरा, साडेबावीस टन वायू, तो मुरवायला रोज 2,250 टन खडी लागेल. एवढा राडारोडा आपल्या गावांत रोज निघतच नाही, म्हणजे वायूची टंचाई पडायची नाही.

खडी खपणार कुठे, असं आमचे एक इंजिनियर स्नेही विचारत होते. आयएस 383 या भारतीय मानकात 2016 पासून अशा जुन्या काँक्रीटच्या खडीला परवानगी आहे, बिनसळईच्या साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत, एम 25 या ताकदीपर्यंतच्या आरसीसीत म्हणजे सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत, आणि पायाखाली घालतात तसल्या कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये तर पूर्ण 100 टक्के. अडचण येते ती मिसळीची. स्लॅब, विटा, माती, टाइल्स, पीओपी सगळं एकाच डंपरमध्ये जातं आणि मग ते वेगळं करणं कुणालाच परवडत नाही. घर पाडायला देताना ठेकेदाराला स्लॅब, बीम आणि कॉलमचा माल वेगळा रचायला सांगायचं, आधी विटांच्या भिंती उतरवायच्या आणि मग स्लॅबला हात घालायचा, एवढं तर आत्तासुद्धा होण्यासारखं आहे.