गुहेतला खजिना कोणाचा?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या बेळगावातल्या गल्लीत मातीचा किल्ला पुरा झाला, की संध्याकाळी मुलांना एक सिनेमा दाखवायचा असा पायंडा आहे. यंदा साहसपट लावला. घनदाट जंगल, पडकं देऊळ, गुहा, खजिना. नायक कड्यावरून उड्या मारतो, आडवा येईल त्याला बडवतो, कुलूप फोडतो आणि अखेर हावरट खलनायक दगडांखाली गाडला जातो. लोभाचा शेवट वाईट, असं नायक तोंडानं बोलूनही दाखवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यापाशी तोच खेळ रंगला. कुलूप फोडायला पाचजण पुढे. खजिना गावाला परत द्यायचा प्रसंग मात्र कोणी खेळलंच नाही.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९६५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला आठवला. त्यानं लहान मुलांना एक छोटी फिल्म दाखवली. तीत एक माणूस फुगवलेल्या बाहुल्याला ठोसे मारतो. काही मुलांनी पाहिलं, की त्याला शाबासकी आणि खाऊ मिळाला. काहींनी पाहिलं, की त्याला शिक्षा झाली. उरलेल्यांच्या फिल्ममध्ये पुढं काहीच घडलं नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. इथपर्यंत सगळं आपल्या अपेक्षेप्रमाणे. पण नंतर ‘त्या माणसानं केलं ते करून दाखव, बक्षीस देतो’ असं सांगितल्यावर तिन्ही गटांतला फरक जवळपास नाहीसा झाला. शिकले सगळेच होते. शिक्षेमुळं हात आखडला होता, डोक्यात शिरलेलं पुसलं गेलं नव्हतं. खलनायकाला शेवटच्या दहा मिनिटांत गाडलं म्हणजे आधीच्या दोन तासांचा हिशेब मिटला, असं समजणाऱ्या निर्मात्यांनी आणि आपणा पालकांनीही हा प्रयोग लक्षात ठेवायला हवा. शिवाय कुलूप नायकानंच फोडलेलं असतं, आणि त्याला तर शिक्षाही नसते.

गोष्टीखाली ‘तात्पर्य’ वाचायची सवय आपल्याला इसापनीतीनं लावली. त्या तात्पर्याचा परिणाम खरंच होतो का, हे मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि सहकाऱ्यांनी ३ ते ७ वर्षांच्या मुलांवर तपासलं. मुलाला एका खेळण्याकडं पाठ करून बसवायचं, वळून बघू नकोस म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत येऊन एक गोष्ट वाचून दाखवायची आणि मग विचारायचं, वळून बघितलंस का? ‘लांडगा आला रे आला’ ऐकून मुलांचं खोटं बोलणं कमी झालं नाही. खोटं बोललं की नाक लांब होणाऱ्या लाकडी बाहुल्याच्या गोष्टीनंही नाही. झाडावर कुऱ्हाड चालवल्याची कबुली देणाऱ्या आणि त्याबद्दल बापाची शाबासकी मिळवणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीनं मात्र जास्त मुलं खरं बोलली. त्याच गोष्टीचा शेवट खोटं बोलण्याच्या वाईट फळावर नेला, तेव्हा तो परिणाम गेला. २०१४ सालचा हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. धाक दाखवणाऱ्या गोष्टीपेक्षा चांगलं वागून कोणाचं तरी भलं झालेली गोष्ट मुलाला हलवते.

तात्पर्य मुलांना उमगतं का, हाही प्रश्नच आहे. मेरी-लुईस मारेस आणि एमिली अकोस्टा या संशोधकांनी २००८ साली बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक कार्टून दाखवलं. तीन पायांच्या कुत्र्याला बाकीचे आधी घाबरतात, मग आपलंसं करतात. वेगळ्या दिसणाऱ्या माणसांना दूर लोटू नये, हा त्यातला धडा. बऱ्याच मुलांना तो माणसांपर्यंत नेता आला नाही. त्यांना फार तर एवढंच कळलं, की तीन पायांच्या कुत्र्यांशी नीट वागावं.

न बोललेलं तात्पर्य मात्र आपोआप रुजतं. साहसपटातली गुहाच घ्या. मशाल पेटते, वटवाघळं किंचाळत अंगावर येतात, नायक ती हाताने झटकतो. गुहा म्हणजे भीती, वटवाघूळ म्हणजे अभद्र. आणि इथं आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात, बारापेडे गुहा आहेत. तिथल्या मोठ्या कानांच्या वटवाघळाला ओल्डफिल्ड थॉमस या प्राणिशास्त्रज्ञानं १९१३ साली शास्त्रीय नाव दिलं: ओटोमॉप्स रॉटनी. पुढं कित्येक दशकं ही जात साऱ्या जगात फक्त याच ठिकाणची म्हणून माहीत होती. मेघालयात आणि कंबोडियात ती सापडली ती फार नंतर. वटवाघळाच्या मादीला बहुधा वर्षाला एकच पिल्लू होतं. मशाल आणि आरडाओरडा घेऊन कोणी आत शिरलं, तर घाबरलेल्या माद्यांकडून पिल्लं खाली पडू शकतात. हे पडद्यावर कधी दिसत नाही. भीमगडला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. आपल्या भागातला खरा खजिना तो हाच, असं मी मुलांना अगदी मनापासून सांगतो.

मारेस आणि अकोस्टा यांनी पुढच्या एका अभ्यासात गोष्टीच्या मध्येच छोटे खुलासे घातले, तेव्हा मुलांची समज सुधारली. म्हणून पुढच्या शनिवारी तोच सिनेमा पुन्हा लावला आणि नायक मूर्ती उचलतो तिथं थांबवला. कोणाची ही?

‘‘त्यानं शोधली की!’’

‘‘शोधली म्हणजे त्याची झाली काय?’’

‘‘खरं त्यानं नाही नेली तर तो दुसरा नेतोय न्हवं?’’

‘‘मग गावातल्यांना विचारायचं की आधी. देव त्यांचा हाय.’’

बराच वेळ भांडण चाललं. मग जांबोटीहून मामाकडं आलेली एक सात-आठ वर्षांची पोर, जी तोवर गप्प होती, पडद्याकडं बोट दाखवून म्हणाली, ‘‘खरं काका, ह्यानं मशाल आत नेली, तर त्या वटवाघळांनी कुठं जायचं ओ?’’

सिनेमा तिथंच वीस मिनिटं थांबून राहिला.