शेवंती की ॲस्टर? उपटण्याआधी पान चुरगाळून पाहा

दसऱ्याच्या आसपास लातुरात रोपांच्या हातगाड्या फिरायला लागल्या, की काळ्या पिशवीतलं एखादं फुललेलं रोप घरी येतंच. विचारलं तर रोपवाला त्याला कधी शेवंती म्हणतो, कधी ॲस्टर. फुलं टवटवीत असतात, म्हणून घेणारेही जास्त खोलात जात नाहीत. मग पौषात फुलं तपकिरी पडतात, पानं खालून वाळत येतात आणि दोन्ही कुंड्या सारख्याच मेलेल्या दिसतात. घराची साफसफाई करताना दोन्ही रोपं उपटली जातात. त्यातलं ॲस्टर खरोखर संपलेलं असतं. शेवंती मात्र जिवंत असते, आणि ती कचऱ्यात पडलेली पाहिली की माझा जीव तुटतो.

ॲस्टर हे एका हंगामाचं झाड. बी पेरल्यापासून साडेतीन-चार महिन्यांत ते फुलतं, बी धरतं आणि वाळून जातं. तुमचं काही चुकलेलं नसतं. त्याचं आयुष्यच तेवढं. घोळ होतो तो नावामुळे. थंड देशांतल्या बागकामाच्या याद्यांमध्ये ॲस्टर हे शरदात फुलणारं, वर्षानुवर्षं टिकणारं झाड म्हणून दिलेलं असतं. ते झाड निराळं. आपल्याकडे हारांत आणि फुलदाणीत दिसतं ते चायना ॲस्टर. 'फुले गणेश व्हाईट', 'फुले गणेश पिंक' या नावाच्या जाती त्याच्याच. सुकलेल्या बोंडातलं बी काढून ठेवावं आणि पुढच्याच पावसाळ्यात पेरावं, कारण वर्षभरानंतर ते नीट उगवत नाही. पेरताना कुंडीतली माती बदला. त्याच मातीत मर रोग राहिलेला असू शकतो.

ओळखायचं कसं? फूल उलटं करून बघा. ॲस्टरच्या फुलाखाली हिरव्या पानांची कॉलर असते. शेवंतीला तिथे एकावर एक चिकटलेले बारीक खवले असतात. फूल गळून गेलं असेल तर पान हातात घ्या. शेवंतीचं पान खोल कापलेलं, थोडं राखाडी झाक असलेलं. चुरगाळलं की उग्र, औषधी वास बोटांना राहतो. ॲस्टरच्या पानाच्या कडा नुसत्या दातेरी असतात आणि तसा वास येत नाही. रंगाचाही आधार घेता येतो: हळदीसारखा पिवळा असेल तर बहुतेक ती शेवंतीच.

शेवंती ओळखली, की फुलं संपल्यावर ती जमिनीपासून चार-पाच इंचांवर छाटा आणि पाणी देत राहा. थोड्याच दिवसांत बुंध्याभोवती मातीतून कोवळे कोंब वर येतात. शेतकरी त्यांना काश्या म्हणतात. पुढच्या वर्षीची सगळी शेवंती त्या काश्यांत असते.

आपल्या भागात खरी परीक्षा उन्हाळ्याची. पारा 42 अंशांवर गेला की भर उन्हातल्या काश्या करपतात. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं, तेव्हा आमच्याकडची एकच कुंडी वाचली. ती रांजणाच्या शेजारी, सावलीत होती. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तिला मिळायचं. त्या एका कुंडीतल्या काश्या पावसाळ्यात चार घरी गेल्या. तेव्हापासून एप्रिल-मे महिन्यांत शेवंतीला फक्त सकाळचं कोवळं ऊन मिळेल, अशीच जागा मी शोधते.

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की मुळांसकट काश्या वेगळ्या करून लावा. नुसती काळी माती भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं सडतात. निम्मी माती, बाकी शेणखत आणि वाळू असं मिश्रण आमच्याकडे चांगलं चालतं. रोप महिनाभराचं झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात. पण ऑगस्ट संपला की शेंड्याला हात लावायचा नाही, नाहीतर कळ्याच जातात.

आणखी एका गोष्टीकडे लोकांचं लक्ष जात नाही. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधारी रात्र लागते, म्हणून तर ती दिवस लहान होताना फुलते. कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा रात्रभर चालू राहणाऱ्या ओसरीच्या बल्बपाशी असेल, तर झाड हिरवंगार वाढतं आणि कळी मात्र उशिरा येते, कधी येतच नाही. खतं बदलून उपयोग होत नाही. सप्टेंबर लागला की कुंडी घराच्या अंधाऱ्या बाजूला, पण दिवसा ऊन येईल अशा ठिकाणी हलवा.