तारखेला आलेलं मूल

लॉस एंजेलिसमध्ये मुलांसाठी एक वेगळं न्यायालय आहे. तिथे कुणाला तुरुंगात पाठवण्याचा निकाल लागत नाही. मारहाण किंवा हेळसांड झाल्यामुळे घरातून हलवलेल्या मुलाने आता कुठे राहायचं, एवढंच ठरतं: आईकडे परत, आजीकडे, की प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये. ज्याच्याबद्दल हे ठरायचं ते मूल अनेकदा तिथेच, पुकाऱ्याची वाट पाहत बसलेलं असतं. कधी ते जेमतेम चार वर्षांचं असतं.

अशा मुलांना काय समजतं, हे मानसशास्त्रज्ञांनी तिथेच जाऊन तपासलं. थॉमस लायन आणि कॅरन सेविट्झ यांचा १९९९ सालचा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. मुलाची साक्ष घेण्याआधी त्याला खऱ्या-खोट्याची जाण आहे का, हे पाहण्यासाठी विचारतात, "खरं आणि खोटं यात फरक काय?" चार ते सात वर्षांच्या मुलांना या प्रश्नाचं उत्तर जमेना, सात वर्षांची बरीच मुलंही अडखळली. मग प्रश्नाचं रूप बदललं. चित्रात सफरचंद आहे, एक जण म्हणतो सफरचंद, दुसरा म्हणतो केळं. खरं कोण बोललं? अशा प्रकारे विचारल्यावर पाच वर्षांच्या बहुतेक मुलांनी बरोबर ओळखलं. फरक कळणं वेगळं आणि त्याची व्याख्या करणं वेगळं. अवघड प्रश्न विचारायचा आणि मग "मूल अजून लहान आहे" म्हणून त्याचं बोलणं बाजूला ठेवायचं, हा त्या मुलावर अन्यायच आहे.

काळ आणि मोजणी यांचंही असंच. २०१२ सालच्या एका अभ्यासात सहा ते दहा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: आजवर किती घरं बदललीस, न्यायालयात किती वेळा आलास, शेवटचं घर बदललं तेव्हा कुठला महिना होता? घर बदलण्याइतकी मोठी घटना, तरी उत्तरं नोंदींशी फारशी जुळली नाहीत. मुलाला आकडा सांगता आला नाही म्हणजे घटना घडलीच नाही किंवा ते बनवून सांगतंय, असा अर्थ लावणं म्हणूनच धोक्याचं आहे.

आणि भीती? मानसशास्त्रज्ञ जोडी क्वास यांच्या गटाने २००९ मध्ये चार ते पंधरा वर्षांच्या मुलांशी सुनावणीच्या दिवशीच बोलून पाहिलं. इथे काय चाललंय हे ज्यांना कमी कळत होतं, त्यांची घालमेल जास्त होती. एवढ्यावरून समजावलं की भीती जातेच, असं सिद्ध होत नाही. पण मुलाला त्रास नको म्हणून त्याला काहीच सांगायचं नाही, या आपल्या सवयीवर प्रश्न नक्कीच उभा राहतो. अमेरिकेतल्याच नेब्रास्का राज्यात तर थोड्या मोठ्या, आठ वर्षांपुढच्या मुलांमध्ये आढळलं की सुनावणीला गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा त्या प्रक्रियेकडे अधिक विश्वासाने पाहत होती.

आपल्याकडे हे काम जिल्ह्याची बाल कल्याण समिती करते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलाला आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याचं वय व समज पाहून ते विचारात घ्यायला सांगितलं आहे. समितीची खोली न्यायालयासारखी दिसू नये, सदस्यांनी उंच चौथऱ्यावर बसू नये, असं नियम सांगतात. भाषा मात्र कचेरीचीच राहिली. मुलाला समितीपुढे "हजर करतात". आरोपीलाही हजरच करतात. लहान मुलं घरातल्या भांडणाचा दोष पटकन स्वतःकडे घेतात. अशा वेळी सोबत आलेल्या पोलीसकाकांच्या तोंडून हा शब्द ऐकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला काय वाटत असेल? "तू काही चुकीचं केलं नाहीस, तू कुठे राहायचं हे ठरवायला आपण इथे आलोय," ही दोन वाक्यं आत जाण्याआधी तिच्याशी कुणीतरी बोलायला हवीत.

पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत समितीने अंतिम आदेश द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मोठ्यांना ही मुदत कळते. त्या सहा वर्षांच्या मुलीला मात्र "पुढची तारीख अमुक" यातून काहीच कळत नाही. तिला सांगायचं तर असं सांगावं लागेल: दिवाळीची सुट्टी संपेल, शाळा परत सुरू होईल, आणि त्यानंतर आपण पुन्हा इथे येऊ.