रशिया सदस्य नाही, मग पुतिन यांच्यावर वॉरंट कसं?

‘जो देश सदस्यच नाही, त्याच्या माणसाला हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय हात लावू शकत नाही’ हा समज जुना आहे, आणि अर्धवट आहे. (कुलभूषण जाधव प्रकरणाचा २०१९चा निकाल देणारं न्यायालय वेगळं. तेही हेगलाच, पण तिथे देश भांडतात, आरोपी उभे राहत नाहीत.)

रोम करार, म्हणजे हे न्यायालय ज्यावर उभं आहे तो करार, आरोपीचं नागरिकत्वच नाही, तर गुन्ह्याची जागाही पाहतो. गोव्यात चोरी करणारा परदेशी पर्यटक ‘मी भारताचा नागरिक नाही’ म्हणून सुटतो का? युक्रेनने आपल्या भूमीपुरता या न्यायालयाचा अधिकार मान्य केला होता, म्हणून मार्च २०२३मध्ये पुतिन यांच्यावर वॉरंट निघालं. इस्रायलही सदस्य नाही, पण पॅलेस्टाइन २०१५पासून सदस्य आहे. नेतान्याहू यांच्यावरचं नोव्हेंबर २०२४चं वॉरंट त्याच आधारावर. इस्रायलचा या अधिकारालाच आक्षेप आहे.

मात्र आक्रमणाच्या, म्हणजे दुसऱ्या देशावर बेकायदा हल्ला करण्याच्या गुन्ह्यापुरता हा समज खरा ठरतो. तिथे सदस्य नसलेल्या देशाच्या नागरिकांना करारानेच वगळलंय. म्हणून तर युरोप परिषदेच्या मदतीने युक्रेनसाठी वेगळं विशेष न्यायाधिकरण उभारण्याचा करार जून २०२५मध्ये झाला.

खरा वाद अटकेचा आहे. न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत. सप्टेंबर २०२४मध्ये पुतिन मंगोलियाला गेले. मंगोलिया सदस्य, तरी अटक झाली नाही. पदावरच्या राष्ट्रप्रमुखाला संरक्षण असतं, ही सबब न्यायाधीशांनी फेटाळली. पण तोवर पुतिन मॉस्कोत परतलेही होते.