व्हेट टेकची फी भरण्याआधी

“कोर्स झालाय, आता परीक्षेचा फॉर्म तेवढा भरून द्या,” म्हणत व्हेट टेक, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांकडचा टेक्निशियन, होऊ पाहणारे लोक आमच्याकडे सल्ल्याला येतात आणि सर्टिफिकेट टेबलावर ठेवतात. जाड कागद, सोनेरी शिक्का, आणि मधोमध छापलेलं: व्हेटरनरी असिस्टंट. इथेच घोडं अडतं.

असिस्टंट जनावर धरून ठेवतो, पिंजरे साफ करतो, हाताखाली मदत करतो. कॅलिफोर्नियात नोंदणी झालेला टेक्निशियन, म्हणजे आरव्हीटी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली भूल देतो, प्लास्टर घालतो, दातसुद्धा काढतो. निदान, औषध लिहून देणं आणि ऑपरेशन मात्र डॉक्टरांचंच. आरव्हीटी व्हायला व्हीटीएनई ही टेक्निशियनची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. तीन तास, १७० प्रश्न. त्यातले २० गुणांत धरत नाहीत, पण ते कुठले हे कळत नाही. या परीक्षेला सरळ बसायचं तर कोर्सला एव्हीएमएची, म्हणजे अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेची, मान्यता हवी. कम्युनिटी कॉलेजात असा कोर्स साधारण दोन वर्षांचा असतो. आपल्या बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, लॉस आल्टोस हिल्सच्या फूटहिल कॉलेजात आहे. कामाच्या अनुभवावरही कॅलिफोर्नियात परीक्षेला बसता येतं, पण त्यातही किमान दोन वर्षं जातात आणि थोडं शिक्षण दाखवावंच लागतं.

तेव्हा जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त’ दिसलं की कोणाची मान्यता, ते विचारा. कॉलेजला मान्यता आहे पण या कोर्सला नाही, असंही असतं. एव्हीएमएची यादी सगळ्यांना खुली आहे. ती बघायला आमच्याकडे यायची गरज नाही.

मग आम्ही पहिल्या भेटीचे पैसे घेतो ते कशाचे? तुमच्या मार्कशीटवरचा एकेक विषय कॉलेजच्या पूर्वअटींशी लावून बघायला तास-दीड तास जातो. बी.एस्सी.ची केमिस्ट्री धरायची की नाही हे कॉलेजच ठरवतं. पण कोणता कागद पुढे करायचा, हे आम्ही सांगू शकतो. कॉलेजांकडून आम्ही कमिशन घेत नाही, त्यामुळे फी तुमच्याकडूनच घ्यावी लागते.

भारतात बी.व्ही.एस्सी. (जनावरांच्या डॉक्टरची पदवी) झालं असेल तर फोनवरच सांगा. तुमची वाट वेगळी, भेटीचे पैसे वाया घालवू नका.

आणि विद्यापीठाकडून आलेलं ट्रान्सक्रिप्टचं (अधिकृत गुणपत्रकाचं) सीलबंद पाकीट तसंच आणा. “नाव बरोबर आलंय का बघितलं फक्त,” असं म्हटलं तरी फोडलेलं पाकीट चालत नाही, नवीन मागवावं लागतं.